नावानिशी प्रार्थना

मी किरणोपचार विभागात टेक्निशियन आहे. म्हणजे, होते. कॅन्सरच्या पेशंटला मशीनखाली नेमक्या जागी झोपवायचं, त्याच्या अंगावरच्या जांभळ्या शाईच्या खुणा भिंतीतून येणाऱ्या लेझरच्या लाल रेघांशी जुळवायच्या, मग बाहेर येऊन जाड दार लावायचं आणि पडद्याकडे बघत माइकवर सांगायचं, "हलू नका, श्वास नेहमीसारखा घ्या, सुरू करते." एकोणीस वर्षं हे वाक्य बोलले. झोपेतही बोलते असं नवरा म्हणतो. त्यावर तो खरंच हलत नाही, असंही सांगतो.

बाई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांना पंचवीस सिटिंग लिहून दिली होती. बाई म्हणजे एका मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका. ताठ कणा, गळाबंद कपडे, आणि मुलांना ओरडून ओरडून आला असावा असा जाड आवाज. त्यांनी सकाळी साडेसहाची वेळ मागितली. शाळेच्या घंटेआधी पोचायचं होतं, आणि कॉरिडॉरमध्ये कुणी ओळखीचं भेटायला नको होतं. आमचा विभाग आठला सुरू होतो. पण मशीन एकच आहे आणि ते रोज तपासल्याशिवाय पेशंट घेता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी मी पावणेसहाला यायला लागले. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी हे मोठेपणा मिरवायला सांगत नाही, पुढे जे केलं तेही मीच केलं हे समजावं म्हणून सांगते.

सातव्या सिटिंगला मी खुणा जुळवताना म्हटलं, "बाई, मी तुमच्यासाठी प्रार्थना करते हं."

बाई छताकडे बघत हसल्या. "करा की. तेवढ्याने मशीन तरी बंद पडणार नाही."

एवढंच. मी त्यांच्यावर कधी हात ठेवून प्रार्थना केली नाही, कधी पत्रक दिलं नाही, चर्चला या म्हटलं नाही. एकोणीस वर्षांत कुणालाच म्हटलं नाही. माझी भक्ती म्हणजे वेळेवर येणं आणि खुणा एका मिलिमीटरनेही न चुकवणं. लोकांना हे पुढे कितीदा सांगितलं, पण ते कुणाला ऐकायचं होतं?

चौदावं सिटिंग बुधवारी झालं. त्यांच्या काखेतली कातडी सोलवटून निघाली होती आणि त्या पहिल्यांदा रडल्या. आवाज न करता. कपडे चढवताना म्हणाल्या, "सोमवारी बोर्डाची मीटिंग आहे. मला कायम करायचं की नाही ते ठरणार. तोवर कुणाला कळता कामा नये. अगदी माझ्या आईलासुद्धा मी सांगितलेलं नाही."

"माझ्याकडून नाही कळणार," मी म्हटलं.

आणि आठ वाजता मी मावशीला मेसेज केला.

मावशी म्हणजे आमच्या चर्चच्या पाळकांची बायको, माझी धर्ममाता. माझी आई मी अकरा वर्षांची असताना गेली, तेव्हापासून माझी वेणी घालण्यापासून लग्नातल्या झग्याची शिलाई उसवून पुन्हा घालण्यापर्यंत सगळं मावशीने केलं. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, बायकांची प्रार्थनेची साखळी आहे. कुणी आजारी पडलं, कुणाची परीक्षा असली, की मावशीला कळवायचं, मावशी ग्रुपवर टाकते, आणि बुधवारी दुपारी अडतीस जणी एकाच वेळी गुडघ्यावर बसतात. मीही त्यात वाढले. माझ्या पहिल्या बाळंतपणात या बायका रात्रभर जाग्या होत्या, ते मी विसरणार नाही.

मी लिहिलं, "माझ्या एका पेशंटसाठी प्रार्थना करा."

मावशीचं लगेच उत्तर आलं, "नाव पाठव गं. नावाशिवाय प्रार्थना म्हणजे पत्त्याशिवाय पत्र." हे तिचं ठरलेलं वाक्य. आम्ही सगळ्या लहानपणापासून ऐकत आलोय.

मी नाव पाठवलं. आणि नुसतं नाव पाठवून थांबले असते तरी एक वेळ ठीक होतं. आम्हा लोकांना सवय असते ना, देवासमोर सगळं नीट, तपशीलवार मांडायचं! मी शाळा लिहिली. कोणता कॅन्सर ते लिहिलं. चौदा झाली, अकरा राहिलीत, हे लिहिलं. सोमवारी बोर्डाची मीटिंग आहे आणि तोवर कुणाला कळता कामा नये, यासाठीही प्रार्थना करा, असं लिहिलं. हसू नका. मला त्या क्षणी काहीच खटकलं नाही. मी हॉस्पिटलचा नियम मोडतेय असं मनात आलंच नाही, कारण मी ते कुणा माणसाला सांगत होते असं मला वाटतच नव्हतं. नाव इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं तेवढं पुरे.

मावशीने मेसेज जसाच्या तसा ग्रुपवर पाठवला. अडतीसपैकी एकीची मुलगी त्याच शाळेत आठवीत. दुपारी प्रार्थना झाली, आणि चार वाजेपर्यंत शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर बाईंना लवकर बरं वाटावं म्हणून हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. आपला आजार सगळ्यांना कळलाय, हे बाईंना स्टाफरूमच्या दारात कळलं. कुणीतरी फुलं घेऊन उभं होतं.

गुरुवारी साडेसहाला मी मशीन तपासून बसले. सात वाजले, साडेसात वाजले. बाई आल्या नाहीत. शुक्रवारीही आल्या नाहीत.

आमचे मोठे डॉक्टर मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "हे बघ, तुझं काय व्हायचं ते होईल. पण मध्ये असा खंड पडला तर आधीची चौदा पाण्यात जातील. गाठ काढून टाकली असली तरी काय राहिलंय ते कुणी सांगावं?" त्यांनी बाईंचं पत्र माझ्यासमोर सरकवलं. तक्रार होतीच. पण शेवटी वेगळ्या शाईत लिहिलं होतं: 'चर्चचे लोक आता असं सांगत फिरत आहेत की मीच त्यांना प्रार्थना मागितली. म्हणजे बोर्डापासून लपवलं आणि परक्यांना सांगितलं, असा अर्थ होतो. मी परवानगी दिली नव्हती, हे हॉस्पिटलने लेखी मान्य करेपर्यंत मी त्या खोलीत पाय ठेवणार नाही. खोटी ठरून मला तिथे झोपायचं नाही.'

"कोण सांगतंय असं?" मी विचारलं.

"ते तुला ठाऊक," डॉक्टर म्हणाले.

मला ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं.

त्याच दिवशी पेपरात आलं. 'उपचार की प्रचार?' असा मथळा. खाली माझ्या विभागाच्या दाराचा फोटो. मग जो तो तोंडसुख घेऊ लागला. हे लोक आजारी माणसाच्या उशाशी जाऊन बसतात. गाठ दिसली की यांना गिऱ्हाईक दिसतं. एका पेशंटच्या मुलाने माझ्या तोंडावर विचारलं, "आमच्या वडिलांचंही नाव तुमच्या देवाकडे पोचलंय का?" माझ्या हातात त्याच्या वडिलांचा, डोकं हलू नये म्हणून बसवायचा जाळीचा मास्क होता. मी मास्क बसवला, खुणा जुळवल्या, बाहेर आले. "हलू नका," म्हणताना माझा आवाज चिरकला. किराणा दुकानात मागच्या बाईने दुसऱ्या बाईला कोपराने ढोसलं. पंधरा वर्षं रोज नमस्कार करणारा आमच्या गेटवरचा वॉचमन रजिस्टरमध्ये तोंड खुपसून बसायला लागला.

मला राग येत होता, आणि राग करायला जागाही नव्हती. प्रचार मी केला नव्हता, तो आळ शंभर टक्के खोटा. पण त्या बाईंचं आयुष्य मी चव्हाट्यावर आणलं होतं, ते शंभर टक्के खरं. टीका करणाऱ्यांना दगड चुकीचा सापडला होता, नेम मात्र बरोबर होता.

शनिवारी संध्याकाळी पाळक आणि मावशी घरी आले. मावशीने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि ती ढसाढसा रडली. मीही रडले. मला वाटलं, चला, आपलं माणूस आलं. नवऱ्याने चहा ठेवला. पाळकांनी छोटीशी प्रार्थना केली, छळ सोसणाऱ्यांसाठी. मग खिशातून टाइप केलेला कागद काढला.

"मंगळवारी चौकशी आहे ना, तिथे हे द्यायचं. खाली सही कर फक्त."

कागदावर लिहिलं होतं: 'सदर रुग्णाने स्वतःहून प्रार्थनेची विनंती केली होती व आपले नाव कळवण्यास तोंडी संमती दिली होती.'

"हे खरं नाही," मी म्हटलं.

"असं कसं?" मावशी डोळे पुसत म्हणाली. "तूच मला सांगितलंस ना, तू प्रार्थना करते म्हणालीस आणि ती करा म्हणाली. म्हणजे हो म्हणालीच की!"

"मावशी, त्या चेष्टेत म्हणाल्या. आणि प्रार्थना करा म्हणाल्या, गावभर करा असं नाही म्हणाल्या."

पाळक खाकरले. "एक शब्द इकडे तिकडे. त्या शब्दावर तुझी नोकरी वाचते आणि मंडळीवरचा डाग जातो. त्या बाई काही सिद्ध करू शकणार नाहीत."

"म्हणजे त्या खोट्या ठरतील. मग त्या उपचाराला येणार नाहीत. अकरा राहिलीत त्यांची."

"ते त्यांनी ठरवायचं," पाळक म्हणाले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाईंनीच प्रार्थना मागितली, ही वावडी कुठून उठली होती ते माझ्याच सोफ्यावर बसून चहा पीत होतं.

मी कागद परत दिला. दारात चपला घालताना मावशी नेहमी माझ्या डोक्यावरून हात फिरवते, तो फिरवला नाही.

"चहा तरी संपवायचा," ती गेल्यावर नवरा अर्धे भरलेले कप उचलत पुटपुटला. तो माझ्याइतका चर्चला जात नाही. पण तेवढ्यात म्हणाला, "सही केली असतीस तर मी तुला ओळखलं नसतं." लग्नाला सतरा वर्षं झाली, एवढं चांगलं तो पहिल्यांदाच बोलला.

रविवारी मी उपासनेला गेले. जाऊ नको असं सगळ्यांचं मत पडलं, पण का जाऊ नये? चर्च काय पाळकांच्या बापाचं आहे? नेहमीच्या बाकावर बसले. त्या बाकावर एरवी सहा जणी कोंबून बसतात. त्या दिवशी मी एकटी. बाळंतपणात माझ्यासाठी जाग्या राहिलेल्या त्या बायका दोन बाक मागे, भजनाच्या पुस्तकात डोकं घालून. गाणं मात्र मी मोठ्याने म्हटलं, जरा बेसूरच. सोमवारी शाळेच्या बोर्डाने बाईंना विश्रांती दिली. विश्रांती हाच शब्द वापरला म्हणे. त्यांच्या खुर्चीत दुसऱ्या दिवशी दुसरं कुणी बसलं.

मंगळवारी चौकशी होती. मोठे डॉक्टर, कार्यालयातले दोघे, समोर मी. आणि शेजारच्या खुर्चीत मंडळीच्या वतीने मावशी. तिने रविवारची साडी नेसली होती.

डॉक्टरांनी विचारलं, "हे नाव तुमच्या ग्रुपवर कसं गेलं?"

मावशी टेबलाकडे बघत म्हणाली, "हिने पाठवलं. पेशंटची परवानगी आहे, सगळ्यांना कळवा, असं मला म्हणाली. आमच्यात नाव विचारायची पद्धत नाही. आम्ही कुणाचं नाव कधी विचारत नाही."

मी तिच्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, ती आता तरी मान वर करेल. माझ्या केसात तेल घालणारे हात तिने मांडीवर नीट ठेवले होते. केसाने गळा कापणं आजवर नुसतं ऐकलं होतं. गळा कापणारं माणूस इतकं शांत बसत असेल असं वाटलं नव्हतं.

"साहेब, नाव यांनीच मागितलं," मी म्हटलं. "माझ्या फोनवर आहे."

त्या बुधवारनंतर मी ते पान उघडलंच नव्हतं. बघवत नव्हतं. आता सगळ्यांसमोर उघडलं. माझा पहिला मेसेज होता. त्याखाली मावशीचं वाक्य होतं त्या जागी, 'हा मेसेज डिलीट केला आहे.' आणि त्याखाली माझा लांबलचक मेसेज, नाव, शाळा, आजार, सगळं जसंच्या तसं.

कार्यालयातल्या माणसाने मान वाकवून पाहिलं. "दोन दिवसांच्या आतच पुसता येतो हा," तो सहज म्हणाला. "नंतर नाही पुसता येत."

बुधवारी पाठवलेला. म्हणजे शुक्रवारच्या आत पुसलेला. म्हणजे शनिवारी माझे हात हातात घेऊन रडली, त्याच्या आधीच तिने स्वतःची सोय करून ठेवली होती. ते रडणं कशासाठी होतं, हे मला आजही कळलेलं नाही. खोटं नसावं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

"आणखी काही पुरावा?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

"'कुणाला कळता कामा नये' हे शाळेपुरतं होतं असं धरता येईल. मग परवानगी होती की नव्हती? तू एकटीच सांगू शकतेस. होती म्हणालीस तर प्रकरण इथेच मिटेल," ते म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना एकोणीस वर्षं काम केलेली टेक्निशियन घालवायची नव्हती. मावशीनेही आता माझ्याकडे बघितलं, लहानपणी भजन विसरल्यावर बघायची तसं, पुढचा शब्द ओठांनी सुचवत.

"नव्हती," मी म्हटलं. "बाईंनी कुणालाही सांगू नका असं सांगितलं होतं. मी कबूलही केलं होतं. कुणी विचारलं, कुणी नाही, ते राहू द्या. सांगितलं मी. हे जसंच्या तसं लिहून घ्या आणि आजच्या आज त्यांना पाठवा. त्यांची पाच सिटिंग बुडतील आता उद्या धरून."

कॉरिडॉरमध्ये मावशीने मला गाठलं. "मला तोंडघशी पाडलंस. पोटच्या पोरीसारखं वाढवलं तुला."

"मी तुला काहीच केलं नाही, मावशी. तुझं नाव लावून धरायला माझ्याकडे पुरावा तरी कुठे ठेवलास?"

"मंडळी वाचली पाहिजे गं," ती कळवळून म्हणाली. "तुला कळत कसं नाही? पेपरवाले टपून बसलेत. एक तू गेलीस तर चालेल, मंडळी गेली तर काय राहील?"

मी जिन्याकडे वळले. तोंडावर आलेलं सगळं वाईट होतं, आणि मला पुढच्या रविवारी पुन्हा त्याच बाकावर बसायचं होतं.

मला मशीनवरून काढलं. कायमचं. तळमजल्यावर रेकॉर्ड रूममध्ये टाकलं, जिथे जुन्या फाइलींचा वास आणि एक पंखा आहे. नोकरी राहिली, काम गेलं. माझ्या जोडीदारणीने पहिल्या दिवशी फोन करून विचारलं, "दुसऱ्या नंबरचा लेझर जरा तिरका येतो तेव्हा तू काय करायचीस?" मी सांगितलं, फोन ठेवला आणि कपाटाआड जाऊन रडले.

गुरुवारी सकाळी साडेसहाला मी रेकॉर्ड रूम उघडून बसले होते. मला कुणी बोलावलं नव्हतं. मोठ्या खंडानंतर पेशंट परत आला तर डोसचा हिशेब नव्याने करावा लागतो, त्याला मूळ फाइल लागते, आणि ती पेशंटच्या सहीशिवाय वर जात नाही. सात वाजायला दहा कमी असताना दारात बाई उभ्या राहिल्या. कणा तसाच ताठ. कपडे मात्र गळाबंद नव्हते. मानेखालची भाजलेली कातडी उघडी होती, आता लपवायचं कुणापासून?

माझा इतका जीव भांड्यात पडला की मी उठून उभी राहिले आणि खुर्ची मागे पडली.

"आलात," मी म्हटलं.

"तुमचं लेखी मिळालं. आणि मशीनवर तुम्ही नसाल, हेही मी लेखी घेतलंय," बाई म्हणाल्या.

मी फाइल समोर ठेवली. ती मी कालच काढून ठेवली होती. "बाई, माझं चुकलं. मी माफी मागते. माझ्या लोकांनी माझ्याशी जे केलं ते..." आणि मी सांगू लागले. मेसेज पुसला ते, मावशी खोटं बोलली ते, बाक रिकामा राहिला ते. मला थांबताच येईना. आठ दिवसांत हे ऐकणारं कुणी मिळालं नव्हतं, आणि मला वाटलं, या बाईंना कळेल. दगा काय असतो ते यांना कळेल.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मुलाची सबब ऐकून घ्यावी तसं.

मग म्हणाल्या, "पहिल्या दिवशी काउंटरवर तुम्ही दोघी होतात. मला विचारलं, कोण हवंय? मी तुमच्याकडे बोट दाखवलं. तुमच्या गळ्यात क्रॉस होता. मला वाटलं, ही देवाला भिणारी बाई आहे, ही कुणाला बोलणार नाही."

त्यांनी फाइल जवळ ओढली. "सही कुठे करायची?"

मी जागा दाखवली. तिथे मी आधीच पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवली होती.